ऊन पाठीशी घेऊन

आमच्या घरातल्या अल्बममध्ये कुणालाही पाय नाहीत.

बायको, मुलगी, साताऱ्याहून हिवाळ्यात राहायला आलेल्या सासूबाई, क्वार्टरमधले शेजारी, सगळे पोटरीपर्यंत आहेत आणि तिथं कागद संपतो. बायको पूर्वी याची चेष्टा करायची. पाहुण्यांसमोर अल्बम उघडला की म्हणायची, "आमच्यात सगळी भुतंच. पाय शोधू नका, मिळायचे नाहीत." पाहुणे हसायचे. मला राग यायचा, कारण ते पाय मी मुद्दाम कापलेले होते आणि का कापले हे मला कुणाला सांगायचं नव्हतं.

कॅमेरा मी नोकरी लागल्याबरोबर घेतला, बायको त्यानंतर तीन वर्षांनी आली. हा क्रम तिनं मला आयुष्यभर ऐकवला. रेल्वेत इंजिनिअर म्हणून लखनौला आलो तो इथलाच झालो. चारबाग स्टेशनच्या मागच्या बाजूला क्वार्टर मिळालं होतं. कॅमेऱ्याबरोबर एक पातळ पुस्तिका आली होती आणि तिच्यात पहिलाच नियम होता, सूर्य नेहमी पाठीशी ठेवा. छापील सूचना मी कधी मोडली नाही. त्यामुळं आमच्या घरातल्या माणसांनी तीस वर्षं उन्हाकडं तोंड करून फोटो काढून घेतले. "डोळे उघडत नाहीत हो," असं बायको म्हणायची. "दोन मिनिटं कळ काढ," असं मी म्हणायचो. दोन मिनिटांची दहा व्हायची. मी ॲपर्चर बघायचो, फोकस बघायचो, पुन्हा ॲपर्चर बघायचो, आणि समोर तिच्या डोळ्यांतून पाणी येत असायचं.

एक गोष्ट मात्र त्या पुस्तिकेत नव्हती. लखनौच्या हिवाळ्यात सूर्य वर चढतच नाही. पाठीशी घेतला की आपली सावली लांबच लांब पुढं जाते आणि थेट समोरच्या माणसांच्या पायांवर जाऊन पडते. शिकाऊ माणूस ही चूक एक-दोनदा करतो आणि सुधारतो. मी ती तीस वर्षं केली. फोटो घेताना माझं लक्ष चेहऱ्यांवर असायचं, सावली दिसायची ती थेट निगेटिव्हमध्ये. आणि चूक झाकायची सोय घरातच होती. रविवारी दुपारी बाथरूमच्या खिडकीला काळा कागद लावायचा, लाल दिवा लावायचा, बादल्यांवर फळी टाकून ट्रे मांडायचे आणि एन्लार्जरखाली कागद असा धरायचा की खालचा सावलीचा पट्टा बाहेर राहील. पट्ट्याबरोबर पायही बाहेर राहायचे, त्याला इलाज नव्हता. पाय गेले तर गेले, पण फोटो काढणाऱ्याची चूक दिसायला नको.

पुढं मुलगी कमावती झाली आणि तिनं मला डिजिटल कॅमेरा आणून दिला. पाठीमागच्या पडद्यावर मला माझी सावली फोटो काढायच्या आधीच दिसली आणि मी एक पाऊल बाजूला झालो. एवढंच करायचं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात लोकांना पाय आले.

निवृत्तीनंतर लखनौतच वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर घेतलं. निगेटिव्हची पत्र्याची पेटी जशीच्या तशी माळ्यावर गेली. आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी बायकोनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "भाईसाहब, शक्कर कम तो नहीं है?"

मला वाटलं थट्टा करते आहे. मी हसलो. ती हसली नाही.

हे नीट सांगायला हवं. लखनौत इतकी वर्षं काढलेल्या आमच्यासारख्या घरात भाषा उंबरठ्यासारखी असते. आपल्या माणसाशी मराठी, बाहेरच्याशी हिंदी. मुलगी लहानपणापासून हिंदीतच उत्तर देते, तरी बायको तिच्याशी मराठीतच बोलायची, आणि आजही फोनवर मराठीतच बोलते. सब्जीवाल्याशी, डॉक्टरांशी, घरी आलेल्या माझ्या ऑफिसच्या माणसांशी हिंदी. त्या सकाळी तिनं मला शांतपणे उंबरठ्याच्या बाहेर नेऊन बसवलं. विसरणं तसं दोन वर्षं चालूच होतं, चाव्या, नावं, गॅस. डॉक्टरांनी पुढं काय होईल तेही सांगून ठेवलं होतं. पण मला वाटलं होतं की माझा नंबर सगळ्यांत शेवटी लागेल. इतक्या वर्षांच्या संसाराचा तेवढा तरी मान असेल असं मी धरून चाललो होतो.

ती माझ्याशी कधी वाईट वागली नाही. साहेबांना भेटायला आलेल्या माणसाशी वागावं तशी वागायची. "वो लाइन पर गए हैं, आते ही होंगे, आप बैठिए," असं म्हणून मला माझ्याच खुर्चीत बसवायची. मग आम्ही दोघं साहेबांची वाट बघत बसायचो. एखादवेळी तीच पदर सावरून दारापर्यंत जाऊन बघून यायची. मी पण दाराकडं बघायचो. खरं सांगतो, एक-दोनदा मलाही वाटलं की आता बेल वाजेल.

डॉक्टर म्हणाले, जुने फोटो दाखवा. मी अल्बम काढले. तिला सगळे ओळखू आले. आई, मुलगी, शेजारच्या मावशी, इतकंच काय, चौक बाजारात चिकनकारीचे कुर्ते दाखवणारा दुकानदारही. मी लाजत लाजत हिंदीत विचारलं, "और साहब कहाँ हैं इसमें?" तिनं सातही अल्बम शेवटपर्यंत उलटले. मग म्हणाली, "इसमें तो वो हैं ही नहीं।"

ते खरंच होतं. एकाही फोटोत मी नव्हतो; लग्नाचा अल्बम साताऱ्याला राहिला तो पुढं हरवला. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

मग मी ठरवलं की सगळ्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या. कुठंतरी सापडेनच मी. चौकातल्या दुकानाच्या काचेत, एखाद्या आरशात, डब्याच्या खिडकीत, चेहऱ्याचा एखादा कोपरा तरी. तो मोठा करून तिला दाखवीन आणि म्हणेन, हा बघ. मला दुसरं काही नको होतं. तिनं एकदा माझ्याशी मराठीत बोलावं, एवढंच हवं होतं. मुलीनं स्कॅनर पाठवला, फोनवरून हिंदीत सगळं समजावलं, टीव्हीला कसं जोडायचं ते सांगितलं. दोन महिने मी रोज सकाळपासून दुपारपर्यंत पट्ट्या सरकवत बसलो. काचेत मी कुठंच नव्हतो. काचेतही कॅमेराच होता, चेहऱ्यावर.

पण स्कॅनर काहीही कापत नाही. काठाच्या काळ्या चौकटीसकट सगळं घेतो. त्या तीस वर्षांतल्या आमच्या माणसांनाही पाय आले, आणि पायांबरोबर तो आला.

पहिल्या दिवशी मी टीव्हीवर फोटो लावले तेव्हा ती खूश झाली. "अगं बाई, माझे पैंजण," असं स्वतःशीच मराठीत म्हणाली. मला केवढा आनंद झाला. चौथ्या-पाचव्या फोटोला पुढं झुकली. मग उठून टीव्हीजवळ गेली आणि काचेच्या तळाशी बोट ठेवलं.

"भाईसाहब, ये कौन लेटा है?"

कॅमेरा डोळ्याला लावला की माणसाची सावली माणसासारखी राहत नाही. हात वर जाऊन डोक्यात घुसतात, कोपरं दोन्हीकडून बाहेर येतात. मान नाहीच. खांद्यांवर एक रुंद, चपटं डोकं आणि खाली लांब लांब होत गेलेलं अंग. मला ते कधी वेगळं वाटलं नव्हतं, कारण मला माहीत होतं तो मी आहे. तिच्या शेजारी उभं राहून बघितलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं. जमिनीवर कुणीतरी उताणं पडलेलं होतं आणि त्याचं डोकं मुलीच्या बुटांना टेकलेलं होतं.

"छाया है," मी म्हणालो. "फोटो खींचने वाले की।"

"किसकी?"

"साहब की। यानी... मेरी।"

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, फोटोकडं बघितलं आणि दोन पावलं मागं झाली.

त्यानंतर ती रोज फोटो लावायला सांगायची. मला वाटलं बरं वाटतंय तिला. पण ती माणसं बघत नव्हती. ती त्याला शोधत होती. चौकातल्या गल्लीत तो भिंतीवर चढलेला होता. चारबागच्या फलाटावर सासूबाईंच्या ट्रंकेवर वाकडा होऊन पडलेला होता. क्वार्टरच्या अंगणात मुलीच्या पहिल्या सायकलच्या चाकाखाली होता. "यहाँ भी आ गया," असं ती दर वेळी हळूच म्हणायची. मी फोटो भराभर पुढं सरकवायला लागलो तर आणखीच वाईट झालं. बायकोचे केस पांढरे होत गेले, मुलगी उंच होत गेली, सासूबाई वाकल्या आणि मग नाहीशा झाल्या. तो मात्र होता तसाच, त्याच जागी, तेवढाच काळा. माझ्या अंगावर काटा आला. मी तो आहे हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी ते काही उपयोगाला आलं नाही.

एका फोटोत तर माणूसच नव्हतं. गोमतीच्या काठावरचा एक बाक, बाक रिकामा, आणि बाकाच्या पायांशी तो. मी बहुधा फोकस करण्यात इतका वेळ घालवला असणार की बायको मुलीला घेऊन उठून गेली, आणि मी तरीही बटण दाबलं. मला ती दुपार आठवत नाही. मला कुठलीच दुपार आठवत नाही, फक्त फोटो आठवतात. बायको त्या बाकाकडं बराच वेळ बघत बसली.

"इस बार उसने किसी को नहीं छोड़ा," ती म्हणाली.

मग डिजिटलचे फोटो आले. इकडचे, पंधरा-वीस वर्षांतले. त्यात तो नव्हता. मला वाटलं, सुटलो. ती एकेक फोटो खालपासून वरपर्यंत तपासत होती. पाय होते, फरशी होती, गवत होतं. तो कुठंच नव्हता. सगळे संपल्यावर तिनं आवाज खाली आणला आणि मला विश्वासात घेतल्यासारखं म्हणाली, "अब वो फोटो में नहीं है। यानी घर में आ गया है।"

दिवसा तिची काळजी घ्यायला एक बाई येतात. एके दिवशी त्याच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाबूजी, अम्माजी धूप से डरने लगी हैं।" मी लक्ष ठेवलं. ते खरं होतं, पण अर्धंच. ऊन आलं की ती पाय खुर्चीवर घेऊन बसायची. मी व्हरांड्यात आलो आणि माझी सावली फरशीवर पडली की ती सावली हटेपर्यंत खाली पाय टेकायची नाही. माझ्याशी गोड बोलायची, सावलीकडं नजर ठेवून. "भाईसाहब, ज़रा उधर से आइए," असं म्हणून मला भिंतीच्या कडेनं यायला लावायची. मी माझ्याच घरात भिंतीला चिकटून चालायला लागलो. पडदे ओढलेले असले की बरं वाटायचं, मलासुद्धा.

मुलीनं फोनवर सरळ सांगितलं, "बाबा, बंद कर दीजिए ये सब। आई डर रही हैं।" मी चिडलो. म्हणालो, डॉक्टरांनीच सांगितलंय, तुला तिथं बसून काय कळतंय. ती शांतपणे म्हणाली, "आप आई के लिए ढूँढ रहे हैं या अपने लिए?" मी फोन ठेवला. पोरीचं खरं होतं म्हणूनच राग आला होता.

फोटो दाखवणं बंद केलं, पण पेटीत थोड्या पट्ट्या उरल्या होत्या आणि अर्धवट काम मला सोडवत नाही. छत्तीस फोटोंच्या रोलमधून काटकसरीनं गुंडाळलं तर सदतिसावा निघायचा. गोमतीच्याच एका रोलचा सदतिसावा फोटो स्कॅन झाला आणि मी खुर्चीत मागं सरकलो.

त्या फोटोत मी होतो. पॅन्ट, बूट, तिनं विणलेला राखाडी स्वेटर, गळ्यापर्यंत. गळ्याच्या वर फोटो संपत होता. आणि माझ्या बुटांवर एक सावली होती, पण ती त्याची नव्हती. खांद्यावरून पदर घेतलेली, बारीक, कोपरं अंगाशी घट्ट धरलेली.

मग ती दुपार मला आठवली. आठवायची इच्छा नव्हती तरी सगळी आठवली. ती म्हणाली होती, "एक तुमचा काढते ना." मी सगळं जुळवून कॅमेरा तिच्या हातात दिला होता, ऊन पाठीशी घ्यायला लावलं होतं, दहा सूचना दिल्या होत्या. निगेटिव्ह धुऊन दोरीवर वाळत टाकली तेव्हा माझं डोकं कापलेलं दिसलं आणि मी सासूबाईंच्या देखत ओरडलो होतो. "एवढं साधं काम! सगळं करून हातात दिलं, फक्त बटण दाबायचं होतं. तेही जमलं नाही?" तिनं दोरीवरची निगेटिव्ह पुन्हा एकदा उजेडात धरून बघितली होती आणि स्वयंपाकघरात गेली होती. त्यानंतर तिनं कॅमेरा कधी मागितला नाही, आणि मीही कधी दिला नाही. अल्बममध्ये मी का नव्हतो, याचं उत्तर सदतिसाव्या फोटोत होतं.

दोन दिवस मी तो फोटो तिला दाखवला नाही. डोकं नसलेला माणूस बघून ती काय करील याची मला भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता धुकं विरलं, ऊन आलं आणि बाईंनी तिला समजावून गच्चीवर बसवलं. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर लोक मटार सोलत, शेंगा खात बसले होते. ती पाय वर घेऊन बसली होती. मी फोटो कागदावर छापून घेतला होता. तो तिच्या मांडीवर ठेवला आणि माझी सावली तिच्यावर पडणार नाही अशा बाजूला उभा राहिलो.

तिनं आधी सावलीवर बोट ठेवलं.

"ये तो मैं हूँ," ती म्हणाली. मग बोट वर नेत नेत स्वेटरपर्यंत आली, वीण ओळखल्यासारखं तिथं थांबली आणि कापलेल्या गळ्याशी आली. "सर मुझसे कट गया था। बहुत डाँटा था उन्होंने।"

"हाँ," मी म्हणालो.

"अम्मा के सामने।"

"चुकलं माझं," मी म्हणालो. मराठीतच निघालं तोंडातून.

"आप क्यों माफ़ी माँग रहे हैं, भाईसाहब?" तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "आप तो थे नहीं वहाँ।"

मी खाली गेलो. मोबाइल खिशात होता, पण मी कपाट उघडून तो जुना कॅमेरा काढला, पुसला आणि वर आणून तिच्या हातात ठेवला. तिनं तो वजन बघितल्यासारखा तळहातावर तोलला. पट्टा मनगटाला गुंडाळला, मी नेहमी गुंडाळायचो तसा. मग पाय खाली टेकले आणि उठली. मी तिला काही सांगितलं नाही. ती स्वतःच फिरली आणि ऊन पाठीशी घेऊन उभी राहिली. बाई तिच्या मागं हात पुढं करून सावध थांबल्या.

मी समोर जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूला उभा होतो. ऊन डोळ्यांत घुसलं आणि लगेच पाणी आलं. तिचा चेहरा मला दिसेना. उजेडात फक्त एक काळी आकृती होती, डोळ्यांच्या जागी कॅमेरा, दोन्हीकडं कोपरं. घरच्यांना मी नेहमी असाच दिसत असणार, दोन मिनिटं, दहा मिनिटं, तीस वर्षं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिची सावली गच्चीवरून सरकत आली आणि माझ्या चपलांवर येऊन थांबली.

बटण दाबल्याचा आवाज आला नाही. मग कॅमेऱ्यामागून तिचा आवाज आला, थोडा वैतागलेला, घरातला.

"जरा मागं सरका हो. डोकं कापलं जाईल, मग पुन्हा ओरडाल माझ्यावर."

मी मागं सरकलो. कॅमेऱ्यात रोल नव्हता. मी डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करत तसाच उभा राहिलो.